कातळही हवा, लाटही

"मॅडम, यंदा तरी निघा," असा वाकचौरे सरांचा मेसेज काल सकाळी आला. सर पूर्वी माझ्याच शाळेत होते. आता संगमनेरजवळच्या, दारात एसटी थांबते अशा शाळेवर आहेत. एप्रिल अर्धा सरला की आम्हा जिल्हा परिषद शिक्षकांना बदलीशिवाय दुसरा विषय सुचत नाही. पोर्टल कधी उघडणार, रिक्त जागांची यादी लागली का, कुणाला घराजवळची शाळा मिळणार. मी "नाही सर" एवढंच लिहून पाठवलं. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दरवर्षी आमचं एवढंच बोलणं होतं, आणि दरवर्षी त्यांना मनापासून माझी काळजी वाटते हेही खरं आहे.

शाळा सध्या सकाळची असते. दहाच्या सुमाराला पत्रे तापून टकटक वाजायला लागतात. मुलं करवंदाच्या जाळीतून थेट वर्गात येतात, ओठ जांभळे, बोटं चिकट, आणि वहीच्या पानांवर त्यांचे ठसे उमटतात. खिडकीतून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं. ते रोज थोडं खाली सरकतं आणि काठावर मातीच्या रेघा सोडून जातं. शाळेमागचा कातळ दुपारी हात लावू देत नाही. लोकांना पावसाळा आठवतो, सुगी आठवते. मला बदल्यांचा हा मोसम आठवतो, आणि त्यातही तीन वर्षांपूर्वीचा.

आमची शाळा सरकारी यादीत 'अवघड क्षेत्रा'त येते. पावसाळ्यात रस्ता वाहून जातो, फोनला रेंज शोधायला टेकडीवर जावं लागतं, दवाखाना लांब. इथं तीन वर्षं काढली की बाहेर बदली मागायचा हक्क मिळतो. तो हक्क सोडणारं माणूस कुणाच्या पाहण्यात नव्हतं. मला तेव्हा पाच वर्षं झाली होती, आणि त्या वर्षी यादीत कोल्हारपासून सायकलवर जाता येईल अशी एक शाळा रिकामी दिसत होती.

कोल्हार माझं गाव. प्रवरेच्या काठचं, नगर-मनमाड रस्त्यावरचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. आयुष्यभर लेथवर लोखंड सोललं आणि निवृत्तीच्या पैशातून विटांचं पक्कं घर बांधलं. यादी लागली त्या रविवारी मी घरीच होते. आईनं माझ्या खोलीतले गहू दुसरीकडे हलवायला घेतले होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी येणार हे ठरलेलंच होतं.

पण त्या पाच वर्षांत माझं थोडं बिघडलं होतं.

आधी कातळानं बिघडवलं. धरणाच्या काठावर मंगल आणि तिचा नवरा पर्यटकांसाठी तंबू लावतात, पिठलं-भाकरी करून देतात. मंगल माझ्याच वयाची. लग्न होऊन इथं आली तेव्हा पुण्या-मुंबईचे चढाई करणारे लोक यायचे, त्यांचं सामान डोक्यावर घेऊन ती रतनगडाकडे जायची. सामान वाहता वाहता गाठी बघितल्या, दोर धरायला शिकली, आणि एका वर्षी त्यांच्यातल्या कुणाच्याही आधी स्वतःच वर जाऊन बसली. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मंगल दोर खांद्यावर टाकून आली आणि म्हणाली, "म्याडम, रोज खिडकीतून त्या कातळाकं बघता. एकदा हात तरी लावून बघा."

शाळेमागचा तो कातळ तीसेक फूट असेल. मी दहा फुटांवर अडकले. बोटांनी खाचेला असं धरलं होतं की नखं पांढरी पडली.

"हाताला इचारू नका," मंगल खालून शांतपणे म्हणाली. तिच्या कमरेला माझा दोर होता. "हात घाबराट असत्यात. पायाला इचारा. पाय बघा कुटं हाय."

मी खाली पाय पाहिला. बोटभर रुंदीच्या कडेवर तो व्यवस्थित उभा होता. मला भीती वाटत होती, पायाला वाटत नव्हती. वर पोचले तेव्हा सगळं पाणी, पलीकडचे डोंगर, आमच्या शाळेचे गंजलेले पत्रे एका नजरेत दिसले. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या गोष्टीवर कुणाच्या परवानगीशिवाय उभी होते.

मग लाटेनं बिघडवलं. डीएडच्या मैत्रिणीचं लग्न कोकणात होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी किनाऱ्यावर गेलो. तिथं दत्ताभाऊ नावाचा पन्नाशीचा, पूर्वी मासेमारी करणारा माणूस चार जुने बोर्ड घेऊन बसला होता आणि लाटेवर उभं राहायला शिकवत होता. मैत्रिणी हसत पाण्यातून परत आल्या. मी राहिले. मला पोहता येत होतं. लहानपणी अण्णांनी पाटाच्या पाण्यात ट्यूब टाकून शिकवलं होतं. ते स्वतः मात्र चोरून शिकले होते, कारण त्यांच्या लहानपणी नदीचे बरे घाट आमच्यासाठी नव्हते.

त्या दिवशी मी बोर्डवरून इतक्या वेळा पडले की मोजणं सोडलं. दत्ताभाऊ छातीइतक्या पाण्यात उभे राहून प्रत्येक वेळी एकच सांगायचे. "मॅडम, पायाकडे बघू नका. पायाकडे बघाल तर पडाल. किनाऱ्याकडे बघा." शेवटी उन्हं उतरताना एक लाट आली, मागून तिनं उचललं, मी किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांकडे पाहिलं आणि उभी राहिले. चार-पाच सेकंद असतील. खाली पाणी पळत होतं आणि मी नव्हते पळत. नाकातोंडात गेलेलं खारं पाणी खोकत बाहेर आले तेव्हा मैत्रिणींना वाटलं, मी रडतेय. रडत होतेच.

एक जण सांगते पायाकडे बघ, दुसरा सांगतो बघू नको. मला दोघांचंही पटायचं. शनिवारी कातळाला चिकटलेली असताना समुद्राची आठवण यायची, आणि सुट्टीत समुद्रावर असताना बोटं भिंतीच्या भेगा चाचपायची. दोन वर्षं अशी गेली आणि मग मला खूळ लागलं: दोन्ही असलेलं गाव शोधायचं आणि तिथं राहायचं. फिरायला जायचं नव्हतं, राहायचं होतं. तिथल्या शाळेत शिकवायचं, सकाळी लाट, संध्याकाळी कातळ.

ऐकणारे हसले. लोक नोकरीसाठी गाव निवडताना दवाखाना बघतात, बाजार बघतात. वाकचौरे सर म्हणाले, "मॅडम, जिल्ह्याबाहेर बदली घेतली तर सेवाज्येष्ठता जाते. शून्यापासून सुरुवात. कशासाठी? लाटेसाठी?" मी म्हटलं, हो. ते काळजीनं बघत राहिले.

मला मात्र हसणाऱ्यांचंच नवल वाटायचं. आमच्या घरात राहायची जागा कधी कुणी निवडलीच नव्हती. आजोबा गावानं जिथं जागा सोडली तिथं राहिले. आई लग्न करून जिथं आणली तिथं राहिली. अण्णा कारखान्याजवळ राहिले कारण भोंगा वाजला की पोचावं लागायचं. आमच्यात पहिल्यांदा माझ्यासमोर एक अर्ज होता ज्यावर लिहिलं होतं, 'पसंतीक्रम'. आणि सगळ्यांची अपेक्षा होती की तिथं मी सगळ्यात जवळचं नाव लिहावं आणि मोकळं व्हावं.

त्या रविवारी, गव्हाची पोती हलवून झाल्यावर, मी अण्णांना सांगितलं. ते अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होते.

"म्हणजे दगडासाठी," ते म्हणाले.

"दगड आणि समुद्र."

"तुझी आजी दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायची. मी लहान होतो, तिला भाकरी घेऊन जायचो. तिच्या बोटांना शेवटपर्यंत नीट मूठ वळता आली नाही. तिनं दगड फोडले म्हणून मी लेथवर गेलो, आणि मी लेथवर गेलो म्हणून तू शाळेत गेलीस. आता तू सुट्टीत जाऊन दगडालाच चिकटतेस."

"तिला फोडावा लागला, अण्णा. मी हौसेनं चढते. एकदा तरी आपल्यातल्या कुणी दगडाकडे हौसेनं जावं की."

ते चेन फिरवत राहिले. आईनं आतून विचारलं, "आणि लग्न?" अण्णांनी चेनवर आणखी तेल सोडलं.

मे महिना लागला आणि सुट्टी पडली. मंगलकडे काजवे बघायला गर्दी व्हायची ती महिनाअखेरीस. त्याआधी तिला आठ-दहा दिवस मोकळे होते. मी विचारलं, येतेस का. तिनं नवऱ्याला सांगितलं, "म्याडमना जागा बघाया जायाचं हाय, दगडाची पारख त्यास्नी कुटं हाय." आम्ही माझ्या मोटारसायकलवर दोर बांधला आणि राजूर, कोतूळ, ओतूर करत माळशेज घाटानं खाली उतरलो.

मंगलनं समुद्र पाहिला नव्हता. पहिल्यांदा दिसला तेव्हा ती गाडीवरून उतरली, चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूपर्यंत चालत गेली. मग म्हणाली, "हे थांबत न्हाई का?" मी म्हटलं, नाही. "आमचं धरन बरं. गप बसतं." पण दुसऱ्या दिवशी पहाट फुटायच्या आत तीच मला उठवायला आली, पुन्हा बघायला जाऊ म्हणून.

आम्ही किनाऱ्यानं खाली खाली जात राहिलो. त्या दिवसांतलं मला काय काय आठवतं: पत्र्यावर वाळत घातलेल्या सुकटीचा वास, खाडी ओलांडताना बोटीत उभी केलेली गाडी आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून उभ्या आम्ही, आंब्याच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो, मानेवर साचलेलं घामाचं मीठ. लाटा बऱ्या असलेली गावं सापडत होती. मे महिन्यात समुद्र फुगायला लागलेला असतो. पण प्रत्येक ठिकाणी मंगल हातात गोटा घेऊन कड्याजवळ जायची, ठोकून कान लावायची आणि मान हलवायची. बहुतेक ठिकाणी जांभा दगड. एका जागी तिनं नुसत्या बोटांनी त्याचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्यो दगुड न्हाई म्याडम. ही शिळी भाकर हाय."

सहाव्या दिवशी ते गाव आलं. त्याचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढे कळेल. अर्धचंद्रासारखी वाळूची पुळण, आणि तिच्या दक्षिणेच्या टोकाला समुद्रात घुसलेलं कातळाचं काळं नाक. मंगलनं गोटा ठोकला. खणखणीत आवाज आला. तिनं पुन्हा ठोकला, वर पाहिलं, चपला काढल्या. "ह्यो आपल्याकडचा हाय," ती म्हणाली, जसं परगावात नात्यातलं माणूस भेटावं. खालचा भाग पाण्यानं बुळबुळीत होता, पण पुरुषभर वर गेलं की कोरडा, घट्ट, रेघारेघांचा कातळ. आम्ही दोन दिवसांत सहा वाटा चढलो. योगायोग म्हणजे दत्ताभाऊंचं गाव तिथून पाच कोसांवर होतं आणि मेमध्ये ते आपले बोर्ड घेऊन याच पुळणीवर यायचे, कारण इथली लाट लांब चालते. मला बघून ते म्हणाले, "आलात? बरं झालं. भरती अकराला आहे." त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

सकाळी लाट घेतली, दुपारी सुरूच्या सावलीत झोपलो, उन्हं कलल्यावर कातळ. केस खाऱ्या पाण्यानं राठ आणि बोटांची सालं निघालेली. गावात दोन शिक्षकी शाळा होती, एक जागा रिकामी. मी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथून कातळाचं नाक दिसत होतं. आता फक्त खोली हवी होती.

खोली चांगली होती. नारळाच्या झाडांत, वेगळं दार, मागं आड. घरमालकीण साठीच्या काकू. त्यांनी आम्हाला कोकम सरबत दिलं, शिक्षिका येणार म्हणून आनंदानं घर दाखवलं, भिंतीला रंग लावून देते म्हणाल्या. मग विचारलं, "नाव काय म्हणालात?"

"वंदना जाधव."

"जाधव. म्हणजे कुठले जाधव?"

हा प्रश्न ज्यांना विचारला जात नाही त्यांना तो गावाचा प्रश्न वाटेल. मला तो शाळेपासून ओळखीचा आहे. त्याला दोन उत्तरं असतात. नुसतं गावाचं नाव सांगायचं, समोरच्याला हवं ते समजू द्यायचं आणि खोली घ्यायची. किंवा दुसरं.

"नगर जिल्ह्यातले, कोल्हारचे," मी म्हटलं. "बौद्ध."

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आलं नाही. त्यांनी रिकामे पेले उचलले. म्हणाल्या, "मुलगा मुंबईला असतो. त्याला विचारून फोन करते हां." फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मीच केला तर खोली कुणा नातेवाइकांना लागते आहे असं कळलं. वाडीत आणखी दोन घरी विचारलं. तोपर्यंत बातमी आमच्या आधी पोचलेली होती. एका घरात तर दारातूनच सांगितलं की खोल्याच नाहीत, आणि मागच्या भिंतीवर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती.

परतीच्या वाटेवर घाटाच्या खाली चहाला थांबलो.

"नुसतं जाधव म्हनायचं हुतं," मंगल म्हणाली. "कोन इचारतंय पुढं."

"तू काय केलं असतंस?"

तिनं बशीतला चहा संपवला. "आमा आदिवाशांना कुटं इचारत्यात. तोंड बघून, बोली ऐकून कळतंच. तुमाला निदान सांगायची येळ तरी येती." मग थोड्या वेळानं, "पर सांगितलं ते बरं केलं. तिथं राहून रोज चोरून कशापायी जगायचं. कातळ काय लपून चढता येतो व्हय?"

कोल्हारला पोचले तेव्हा माझं ठरलं होतं. त्याच गावची शाळा पहिल्या पसंतीला लिहायची. खोली नाही मिळाली तर शाळेत झोपेन, पण तिथं जाऊन राहून दाखवेन. ज्येष्ठता गेली तर जाऊ दे. अर्ज भरायला दोन दिवस उरले होते. मी जेवताना सगळं सांगितलं, काकूंचं, पाटीचं. आईनं भाकरी अर्धवट ठेवली. अण्णा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "समुद्र कसा होता?"

मी सांगायला लागले. कातळाचं काळं नाक, पुळण, लांब चालणारी लाट, मंगलनं गोटा ठोकला तो आवाज. सांगता सांगता माझा आवाज बदलला असावा, कारण आई माझ्याकडे बघायला लागली.

"हे सांगताना एक वंदना बोलत होती," अण्णा म्हणाले, "आणि मघाशी दुसरी. त्या बाईला दाखवायला म्हणून तिथं राहशील, तर रोज सकाळी उठून तिचंच तोंड आठवशील. मग लाट केव्हा बघणार?"

"म्हणजे सोडून देऊ?"

"असं कुठं म्हटलं मी? तुला काय पाहिजे ते विचारतोय. त्यांनी काय नाकारलं ते नाही."

मी ताटातलं बोटानं निपटत बसले. मला काय पाहिजे होतं? मंगलसोबतचा शनिवार पाहिजे होता. वर्गातली तेवीस मुलं पाहिजे होती, ज्यांच्यापैकी नऊ जणी आता माझ्यासोबत कातळ चढत होत्या. आणि लाटही पाहिजे होती, त्याच पुळणीवरची. यातलं काहीही सोडून दे असं म्हणणारा प्रत्येक माणूस मला शहाणा वाटत होता आणि कुणाचंही ऐकावंसं वाटत नव्हतं. दोन्ही एका गावात मिळत नसेल, तर मी दोन गावांत राहीन. लोक शेतावर एक घर आणि गावात एक घर ठेवतातच की. हे इतकं साधं होतं की आजवर सुचलं नव्हतं.

दोन दिवसांनी अर्जाची मुदत संपली. मी कोल्हारजवळची शाळा मागितली नाही, समुद्रावरचीही नाही. सुट्टी संपायच्या आत मला तालुक्याच्या कार्यालयात बोलावलं. तिथल्या क्लार्कनी कागद पुढं केला. "मॅडम, अवघड क्षेत्रातून बदलीचा हक्क सोडताय. उद्या तक्रार नको. लेखी द्या, कारणासकट."

मी लिहिलं: मला येथेच राहायचे आहे.

त्यांनी वाचलं. "हे कारण होत नाही. कुणी आजारी वगैरे आहे का? शैक्षणिक प्रकल्प लिहा काहीतरी."

"हेच कारण आहे."

"अहो, इथं राहायचंय असं कुणी लिहितं का?"

"मी लिहिलंय ना," म्हटलं, आणि खाली सही केली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, जणू खरं कारण मागच्या बाजूला असेल. मग शिक्का मारला.

बाहेर आल्यावर दत्ताभाऊंना फोन लावला. त्या गावात पुळणीला लागून त्यांच्या चुलतभावाची होड्यांची पडवी होती, वर लाकडी जिन्याची एक खोली. वर्षभरासाठी हवी म्हटलं. मी तिथं वर्षातून सात-आठ वेळाच येणार, पण खोली माझी असेल, बारा महिने. आणि मी बौद्ध आहे, हेही सांगितलं. दत्ताभाऊ म्हणाले, "माझ्या भावाला भाड्याची चिंता आहे आणि छप्पर गळतं याची लाज आहे. बाकी काही नाही. पावसाळ्यानंतर या."

पावसाळ्यात इथला कातळ पाण्यानं वाहत असतो आणि तिकडं समुद्रात कुणी उतरत नाही. ते चार महिने मंगल आणि मी दोर तपासत, वर्गाच्या आढ्याला लोंबकळून हात घट्ट करत काढले. अण्णांनी मला न सांगता वेगळंच काहीतरी चालवलं होतं. कारखान्यातल्या जुन्या सोबत्याकडे जाऊन त्यांनी पितळेचा पत्रा मिळवला. दिवाळीच्या सुट्टीत निघायच्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात पिशवी होती.

"मी पण येतो," ते म्हणाले. "समुद्र बघायचा राहिलाय."

आई म्हणाली, "दोघं जा. मी पुढच्या वेळी येते. गुडघे बघू काय म्हणतात."

खोली अगदी लहान होती. माशांच्या जाळ्यांचा वास, एक खिडकी, खिडकीत समुद्र. दत्ताभाऊंनी एक जुना बोर्ड माझ्यासाठी दुरुस्त करून भिंतीला टेकवून ठेवला होता. अण्णांनी पिशवीतून पाटी काढली. हातानं कोरलेली अक्षरं, घासून चकचकीत केलेली. वर 'जयभीम', खाली माझं पूर्ण नाव, वंदना काशिनाथ जाधव.

"अण्णा, एवढी मोठी?"

"रस्त्यावरून वाचता आली पाहिजे. कुणाला विचारत बसायचा त्रास नको."

त्यांनी स्वतः मोजमाप घेतलं, चार स्क्रू पिळले, हाताचा पंजा फिरवून पाटी समपातळीत आहे का पाहिलं. मग ते जिन्याच्या खालच्या पायरीवर चहा घेऊन बसले. किनाऱ्याकडे जाणारी माणसं समोरून जात होती. काही पाटी वाचून तसेच पुढं जात, एक दोघं अण्णांकडे बघून मान डोलावत. संध्याकाळी त्या काकूही आल्या, हातात फुलांची परडी. त्या थांबल्या. वाचलं. मला ओळखलं.

अण्णा उठून उभे राहिले. "या, चहा घ्या," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात, जसं कोल्हारला दारावरून जाणाऱ्या कुणालाही म्हणतात.

काकूंनी परडी या हातातून त्या हातात घेतली. "आज नको," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाट बदलली होती.

त्या संध्याकाळी, काकू गेल्यावर, मला काहीतरी तिखट बोलायचं होतं. अण्णांनी ते ओळखलं असावं. त्यांनी कप खाली ठेवला, विजारीच्या दोन्ही पायांना नीट घड्या घातल्या, गुडघ्यापर्यंत दुमडल्या आणि म्हणाले, "चल, पाणी कितपत गार आहे ते दाखव."